रिदमिक जिम्नॅस्टिक्स: मुलीला किती वाकवायचं आणि कुठे थांबायचं?

एका आईने विचारलं आहे: मुलगी आठ वर्षांची, दीड वर्षापासून रिदमिक जिम्नॅस्टिक्स शिकते. कोच तिला स्प्लिटमध्ये (दोन्ही पाय विरुद्ध दिशांना सरळ पसरून) बसवून वरून दाब देतात, ती रडते, आणि ‘सुरुवातीला सगळ्याच मुली रडतात’ असं सांगितलं जातं. आता स्पर्धेसाठी आठवड्याला सोळा तास सराव सुरू झालाय आणि गेले काही आठवडे घरी आली की ती कंबर दुखते म्हणते. हे या खेळात चालायचंच का?

नाही ताई, चालायचं नाही. या खेळाला मुलीला रडेपर्यंत दाबायची गरज नाही. आणि आठ वर्षांच्या मुलीची कंबर आठवडेच्या आठवडे दुखणं ही कुठल्याही खेळात किरकोळ गोष्ट नाही. कमरेचं आधी सांगते, कारण त्यात वेळ घालवण्यासारखं नाही. उद्यापासून ब्रिज (चक्रासनासारखी कमान), बॅकबेंड (मागे वाकणं) आणि पाय मागून वर उचलायचे सगळे प्रकार बंद करा आणि खेळाडूंच्या दुखापती पाहणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. असं का म्हणते ते पुढे येईलच. बाकीचं सावकाश वाचा.

या लहान मुलींना शिकवण्यातच माझी उमेदीची सगळी वर्षं गेली आहेत आणि हा खेळ मला मनापासून आवडतो. म्हणूनच सांगते, यात मुलींना जी इजा होते, तिच्यातली बरीचशी टाळता येते. ती होते घाईमुळे. आणि एवढी घाई कशाची? आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाच्या नियमांप्रमाणे ज्या वर्षी मुलगी सोळाची होते त्या वर्षापासून ती सीनियर गटात खेळते. त्याआधीचा ज्युनियर गटही 13 ते 15 वर्षांचा असतो. तुमच्या मुलीला तिथवर पोचायला अजून कितीतरी वर्षं आहेत. आठव्या वर्षी स्प्लिट चार बोटं वर राहिला म्हणून तिचं काहीही हुकत नाही. आठव्या वर्षी कंबरेचं हाड दुखावलं, तर मात्र बरंच काही हुकू शकतं.

आता दाब देण्याविषयी. रिदमिकची वैयक्तिक रचना 13 बाय 13 मीटरच्या मॅटवर सव्वा ते दीड मिनिट चालते. त्यात उड्या, तोल आणि गिरक्या असतात, आणि हे सगळं करताना हातातली हूप (मोठी कडी), बॉल, क्लब्ज (मुद्गलासारखे दोन दांडे) किंवा रिबन (काडीला लावलेली लांब फीत) सतत खेळती ठेवावी लागते. त्या दीड मिनिटात तिचा पाय कुणी धरून वर करून देत नाही. तो तिने स्वतःच्या स्नायूंच्या जोरावर उचलायचा आणि तिथे रोखून धरायचा असतो. दुसऱ्याने दाबून मिळवलेली लवचीकता तिला मॅटवर वापरताच येत नाही. उलट सांधा उघडा पडतो आणि त्याला सांभाळणारं कुणी नसतं.

हे तुम्हाला घरीसुद्धा पाहता येईल. मुलीचं अंग गरम झालेलं असताना तिला भिंतीला पाठ टेकवून उभी करा. एक पाय हाताने धरून बाजूने वर न्यायला सांगा, सहज जाईल तिथपर्यंतच. मग म्हणा, आता हात सोड आणि पाय तिथेच ठेव. पाय जिथे येऊन थांबतो, ती तिची स्वतःची उंची. हाताने नेलेली उंची आणि ही उंची यांत थोडा फरक सगळ्यांचाच असतो. पण पाय कानापर्यंत जातो आणि सोडल्यावर धाडकन कमरेच्या खाली येतो, असं असेल तर त्या मुलीला आणखी स्ट्रेचिंग नको, ताकद हवी आहे. तिच्या कोचने पुढचे काही महिने पाय हळू उचलणं, वर धरून ठेवणं, हळू खाली आणणं, पोटाचे आणि पाठीचे व्यायाम, एका पायावरचा तोल यांवर घालवायला हवेत. हे काम दिसायला कंटाळवाणं असतं आणि पालकांना दाखवण्यासारखं त्यात काही नसतं, म्हणून ते मागे पडतं. माझ्या वर्गात ते सगळ्यात आधी होतं, मुली ताज्यातवान्या असताना.

मुळातच फार मऊ अंगाच्या मुलींकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. बेटन स्कोअर नावाची एक साधी नऊ गुणांची तपासणी आहे. करंगळी मागे काटकोनात जाते का, अंगठा मनगटाच्या वर, हाताच्या आतल्या बाजूला टेकतो का, कोपर आणि गुडघा सरळ करताना उलट्या बाजूला जातात का, हे दोन्ही बाजूंनी पाहायचं. त्याचे आठ गुण. गुडघे न वाकवता तळहात जमिनीला सपाट टेकले तर नववा. ज्यांना बरेच गुण मिळतात त्या मुली निवड चाचणीत चटकन उठून दिसतात. ‘केवढी छान वाकते’ म्हणत त्यांनाच आणखी वाकवलं जातं. खरं तर त्यांचे सांधे सैल असतात, घोटा मुरगळणं, गुडघा निसटल्यासारखा होणं, खांदा दुखणं हे त्यांच्यात लवकर सुरू होतं. अशा मुलीच्या सरावात स्ट्रेचिंग कमी आणि स्थिर धरण्याचं काम जास्त हवं. तिचा गुडघा मागे जात असेल, तर उभं राहताना तो किंचित सैल सोडायला पहिल्या दिवसापासून शिकवावं लागतं.

स्ट्रेचिंग करायचंच आहे, पण कसं? आधी पंधरा-वीस मिनिटं अंग गरम करायचं: धावणं, दोरीवरच्या उड्या, पाय पुढे-मागे-बाजूला झुलवणं, सांधे सगळ्या दिशांनी फिरवणं. थंड अंगाने आल्या आल्या स्प्लिटमध्ये बसवणं हा आळस आहे, शिस्त नव्हे. खोल, स्थिर ताण सरावाच्या शेवटी. एका जागी तीसेक सेकंद, दोन-तीन वेळा, श्वास चालू ठेवून. वजन तिचं, हात तिचे जमिनीवर किंवा ठोकळ्यांवर, आणि किती खाली जायचं तेही तीच ठरवणार. माझा हात मी फक्त दिशा दाखवायला लावते: मागच्या पायाचा खुबा बाहेर वळलाय तो पुढे आण, पुढच्या गुडघ्याची वाटी वर बघू दे. हात लावण्याआधी विचारते आणि ‘थांबा’ म्हटलं की हात त्याच क्षणी निघतो. दुसऱ्या मुलीला पाठीवर बसवणं, पाय धरून उसळी देणं, घड्याळ लावून रडू देणं हे माझ्या वर्गात कधीच चालत नाही.

पालक विचारतात की ताण आणि दुखणं यांतला फरक मुलीला कसा कळणार. शिकवला की कळतो. मी त्यांना बोट ठेवून दाखवायला सांगते. मांडीच्या मधोमध, मांसल भागात ओढ वाटत असेल आणि सुटल्यावर लगेच निघून जात असेल, तर ठीक. बोट जांघेत पुढच्या बाजूला गेलं आणि ‘इथे चिमटा बसतो’ म्हणाली, तर थांबायचं. तिथे खुब्याच्या हाडाला हाड लागत असतं, आणि ते रेटून मोकळं होत नाही. खुब्याच्या खोबणीचा आकार प्रत्येकीचा वेगळा असतो. काही मुलींचा आडवा स्प्लिट (पाय दोन्ही बाजूंना पसरून केलेला) कधीच पूर्ण बसणार नाही आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. बोट बसताना टेकतं त्या हाडावर गेलं, तर त्याहून जास्त जपायचं. मांडीच्या मागचे स्नायू तिथून निघतात आणि किशोरवयात ती जागा अजून पक्की झालेली नसते. जोराच्या झटक्याने तिथला हाडाचा तुकडाच स्नायूसोबत निघून येऊ शकतो. ‘कट’ असा आवाज आला, चालता येईना, अशी तक्रार असेल तर मालीश नको, थेट एक्स-रे. गुडघ्यामागे झिणझिण्या आल्या तर मज्जातंतूवर ताण येतोय, पाय सैल करायचा.

पाय उंच ठोकळ्यावर ठेवून केला जाणारा, जमिनीच्याही खाली जाणारा स्प्लिट आठ वर्षांच्या मुलीला करायला लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जमिनीवरचा स्प्लिट दोन्ही बाजूंनी, हात न टेकवता, पाठ सरळ ठेवून धरता येत नाही तोवर त्याचा विषयच काढू नये.

आता कंबर. आपल्या कण्याच्या प्रत्येक मणक्याच्या मागच्या भागात दोन्ही बाजूंना हाडाचा एक अरुंद पूल असतो. मागे वाकलं की कमरेच्या शेवटच्या, म्हणजे पाचव्या मणक्याच्या या पुलावर सगळ्यात जास्त भार येतो. लहान वयात हे हाड अजून पुरतं भरलेलं नसतं. तार एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा वाकवली की तिथेच तुटते, तसं इथे होतं. एका दिवसात काही घडत नाही, पण महिनोन्महिने तोच बॅकबेंड शेकडो वेळा केला की त्या पुलाला बारीक चीर जाते. वैद्यकीय नाव स्पॉन्डिलोलायसिस. जिम्नॅस्टिक्समध्ये हे नेहमी आढळतं. सुरुवातीला दुखणं मोघम असतं, कमरेच्या खाली एका बाजूला. मागे वाकलं की वाढतं, पुढे वाकलं की किंवा झोपलं की कमी होतं. म्हणूनच ते ‘थकली असेल’ म्हणून सोडून दिलं जातं.

एका पायावर उभं राहून हळूच मागे वाकल्यावर त्याच बाजूला नेमकं दुखलं, तर संशय घ्यायचा. ही तपासणी डॉक्टरांनाच करू द्या, घरी पुन्हा पुन्हा करून पाहू नका. आणखी एक लक्षात ठेवा: सुरुवातीच्या काळात साधा एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. एक्स-रे नॉर्मल आला म्हणून लगेच सरावाला परत पाठवू नका. दुखणं चालू असेल तर एमआरआयबद्दल विचारा. वेळेत सापडलं तर मागे वाकणं पूर्ण बंद करून, बहुधा तीनेक महिने, आणि नंतर फिजिओथेरपीने हाड जुळून येण्याची चांगली शक्यता असते. दोन्ही बाजूंची चीर दुर्लक्षित राहिली, तर मणका पुढे सरकण्याचा धोका असतो.

हे टाळायचं कसं, ते ब्रिज नीट पाहिला की समजतं. मुलगी ब्रिजमध्ये असताना बाजूला, तिच्या उंचीला बसून बघा. वळण खांद्यांपासून खुब्यांपर्यंत सारखं पसरलंय का? की वरची पाठ फळीसारखी सपाट आहे, हात डोक्याच्या पुढे तिरके गेलेत आणि कमरेत एकाच जागी घडी पडलीय? कातडीवर आडवी सुरकुती दिसते, अगदी बोट ठेवता येईल अशी. ती दिसली की ब्रिज थांबवायचा. आधी खांदे आणि छातीमागचा कणा मोकळा करायचा, जांघेचा पुढचा भाग सैल करायचा, पोट आणि नितंब आवळून ठेवायला शिकवायचं. पाय उंच ठोकळ्यावर ठेवून केलेल्या ब्रिजमध्ये वळण खांद्यांकडे सरकतं आणि कंबर सुटते. मागे वाकण्याच्या कृतींची संख्या मोजायला हवी, क्रिकेटमध्ये लहान गोलंदाजाच्या ओव्हर मोजतात तशीच. वॉर्म-अपमध्ये, मग बॅले बारवर (आधाराच्या आडव्या दांड्यावर), मग रचनेत अशा त्या किती जमतात हे मोजल्याशिवाय लक्षातही येत नाही.

दुसरी एक गोष्ट फार क्वचित बोलली जाते. या खेळात मुली आपल्या ‘चांगल्या’ पायावरच सगळं करतात. तोल त्याच पायावर, उडी त्याच पायाने, वाकणं त्याच बाजूला. बल्गेरिया हा या खेळातला मातब्बर देश. तिथल्या डॉक्टरांनी शंभर रिदमिक जिम्नॅस्ट मुली तपासून 2000 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात 12 टक्के मुलींमध्ये पाठीचा कणा बाजूला वळलेला आढळला. इतर मुलींमध्ये हे प्रमाण 1.1 टक्के होतं. सैल सांधे, उशिरा येणारी पाळी आणि एकाच बाजूचा भार, ही तिन्ही कारणं एकत्र येतात असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे रचनेत कुठलाही पाय असो, सरावात दोन्ही बाजूंना सारखं काम हवं, आणि कमजोर बाजूपासून सुरुवात. दर तीन-चार महिन्यांनी मुलीला पाय जुळवून पुढे वाकायला सांगा आणि मागून पाठीकडे बघा. एका बाजूच्या फासळ्या उंच दिसल्या, तर डॉक्टरांकडे.

उंची वाढण्याचा काळ वेगळा सांभाळावा लागतो. मुलींमध्ये हा जोर साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास येतो. हाडं आधी लांब होतात, स्नायू मागून येतात. काल बसणारा स्प्लिट आज बसत नाही, तोल जातो, गिरकी बिघडते. मुलगी आळशी झाली, वजन वाढलं, असे शेरे नेमके तेव्हाच मारले जातात. याच काळात हाडांच्या टोकांशी असलेल्या ग्रोथ प्लेट्स (हाड जिथून वाढतं ते कूर्चेचे थर) सगळ्यात नाजूक असतात. मी प्रत्येकीची उंची भिंतीवर नियमित नोंदवते आणि झपाट्याने वाढ दिसली की उड्या आणि खोल स्ट्रेचिंग दोन्ही कमी करते. टाच दुखण्याची तक्रार तर आठव्या-नवव्या वर्षापासूनच येते. टाच दोन्ही बाजूंनी दोन बोटांत दाबल्यावर मुलगी कळवळली, तर तिथली ग्रोथ प्लेट सुजलेली असण्याची शक्यता आहे. उड्या कमी, पोटरी सैल, आणि काही आठवड्यांत बरं होतं. कडक फरशीवर अनवाणी उड्या मारणाऱ्या मुलींना हे हमखास होतं. लवचीक लाकडी फ्लोअर आणि वर कार्पेट नसेल, तर उड्यांचा सराव जाड मॅटवर आणि मोजकाच व्हायला हवा.

सोळा तासांबद्दल. बालक्रीडावैद्यकात एक सोपा दंडक वापरतात: आठवड्यातले सरावाचे तास मुलाच्या वयाच्या वर्षांपेक्षा जास्त नसावेत, आणि आठवड्यात निदान एक दिवस पूर्ण विश्रांती. आठ वर्षांच्या मुलीला सोळा तास म्हणजे सरळ दुप्पट. मोठ्या जिम्नॅस्ट याहून कितीतरी जास्त सराव करतात हे खरं, पण ते हळूहळू वाढत गेलेलं असतं आणि त्यांच्यामागे फिजिओ, डॉक्टर उभे असतात. या वयाच्या मुलीला पोहणं, पळापळी, चेंडू फेकणं, झाडावर चढणं हेही मिळायला हवं. त्यातून येणारी ताकद आणि चपळाई पुढे मॅटवर दिसते. झोपेत कपात नको. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते. उशिरापर्यंत चालणारा सराव आणि सकाळची शाळा यांत हीच पहिली कापली जाते.

साधनांचं थोडक्यात. लहान मुलीच्या हातात मोठ्यांची साधनं देऊ नयेत. सीनियर बॉल कमीत कमी 400 ग्रॅमचा आणि 18 ते 20 सेंटिमीटर व्यासाचा असतो, क्लब प्रत्येकी निदान 150 ग्रॅम, रिबन कित्येक मीटर लांब. छोट्या हातात तो बॉल मावत नाही, मग मुलगी तो मनगटाशी दाबून धरते आणि मनगट दुखायला लागतं. जमिनीवर उभी धरलेली हूप तिच्या कमरेच्या हाडापर्यंत येईल एवढी पुरे. क्लब्ज उंच उडवण्याचा सराव एका वेळी एकीनेच, बाकीच्या मॅटच्या बाहेर. तोंडावर आणि दातांवर लागणारे मार बहुतेक शेजारणीच्या क्लबचे असतात. रिबन वापरून झाली की लगेच गुंडाळायची, पायात येते.

आता खाण्याचं आणि वजनाचं. या खेळात बारीक दिसण्याचा दबाव फार आहे आणि तो फार लहान वयात सुरू होतो. वाढत्या मुलीने कमी खाल्लं की शरीर आधी वाढ थांबवतं, मग पाळी लांबवतं, मग हाडं कच्ची ठेवतं. अशा हाडांवरच पुन्हा उड्या आणि बॅकबेंड होतात. ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी 2014 मध्ये या अवस्थेला खेळातली सापेक्ष ऊर्जा-कमतरता असं नाव देऊन सविस्तर मांडलं. नऊ वर्षांनंतर मुलींना रोज 1300 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. पंधराव्या वर्षापर्यंत पाळी आली नाही, किंवा आलेली तीन महिने थांबली, तर ‘खेळाडूंचं असंच असतं’ म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. ब्रिटनमध्ये जिम्नॅस्टिक्समधल्या वागणुकीची स्वतंत्र चौकशी झाली, तिचा अहवाल जून 2022 मध्ये आला. उपाशी ठेवणं, वजनावरून अपमान, दुखापतीवर सराव, जबरदस्तीचं स्ट्रेचिंग हे सगळं त्यात आहे. त्यानंतर तिथल्या संघटनेने कोचनी मुलांचं वजन करण्यावरच बंदी घातली. दहा आणि त्याखालच्या मुलांचं तर कुणीच करायचं नाही, मोठ्यांचं फक्त पात्र तज्ज्ञांनी, संमतीने. पाणी आणि शौचालयाला जाणं अडवायचं नाही, हेही तिथे नियमात लिहावं लागलं. तुमच्या क्लासमध्ये वजनकाटा आणि वजनाचा तक्ता भिंतीवर असेल, तर तो उतरवायला सांगा.

तुमच्या बाबतीत पुढे काय? डॉक्टरांचं मत आलं की कोचना भेटा, मुलीसमोर नको. भांडायला जाऊ नका, चार गोष्टी स्पष्ट विचारा: दाब देणं थांबवाल का, तास आठवर आणाल का, डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीत तिला काय काय करू द्याल, आणि आम्हाला सराव बसून पाहता येईल का. कोचचा हेतू वाईट असेलच असं नाही. बरेचजण स्वतः जसे शिकले तसंच शिकवतात, आणि नीट समजावलं की बदलतात. असे बदललेले कोच मी पाहिलेत आणि त्यांच्या मुली आता छान खेळतात. पण सराव पाहायला मनाई केली, किंवा ‘मग तिला दुसरा खेळ लावा’ असं उत्तर आलं, तर क्लास बदला. दीड वर्ष फुकट जाणार नाही, तिचा ताल, पावलं आणि हातातली साधनं तिच्याबरोबरच येतील.

कंबर बरी होईपर्यंत तिला घरी बसवून ठेवायची गरज नाही. डॉक्टरांची हरकत नसेल तर बसून किंवा उभ्याने बॉल हातावरून खांद्यापर्यंत घरंगळवणं, रिबनच्या लहरी आणि वेटोळी, संगीतावर चालणं हे सगळं करता येतं, त्यात कंबर मागे जात नाही. परतल्यावर पहिले काही आठवडे फक्त पोटाचे, पाठीचे व्यायाम आणि तोल. मग छोट्या उड्या. बॅकबेंड सगळ्यात शेवटी, तेही खांद्यांपासून वळायला शिकून. मधे कधीही कंबर दुखली, तर आधीच्या पायरीवर यायचं. आणि तिला आजच सांगून ठेवा की दुखलं तर लगेच सांगायचं, कुणी रागावणार नाही.